वडिलोपार्जित शेत आणि नवा व्यवसाय

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ज्या पिढीने आपल्या घरांतून मुलांना शिकविली, त्याच पिढीने ती मुले शिकवून सवरून नोकरीला लावली. माळव्यात, ग्वाल्हेरकडे, बडोद्यात वा बेळगाव परिसरात दोन-तीनशे वर्षांपासून स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या घराण्यांत हा विरोधाभास विशेष ठळक आहे. घरात तहसीलदार झाले, मास्तर झाले, इंजिनियर झाले, बँकेतले अधिकारी झाले. आणि कनिष्ठ ठरविलेल्या त्या नोकरीच्या पगारावर सर्वांचे चरितार्थ चालले. शेत मात्र गावी राहिले. ते कोणीतरी पाहत असे. वर्षाकाठी गव्हाची पोती आणि डाळीचे डबे घरी येत, आणि तेवढ्यावर आपण स्वतःस शेतकरी म्हणवून घेत आलो.

आता चौथी पिढी त्या शेताकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागली आहे. शहर वाढत वाढत गावाच्या शिवेपर्यंत आले आहे. शेताच्या कडेने चौपदरी रस्ता गेला आहे. घरातील एखादा मुलगा म्हणतो, ‘‘इथे सोयाबीन पेरून काय मिळते? रस्त्यालगतच्या तुकड्यात काहीतरी सुरू करू या.’’ ते ‘काहीतरी’ म्हणजे कधी मॅरेज गार्डन, कधी वेअरहाऊस, ढाबा, ट्रक तोलण्याचा धर्मकाँटा, मोबाइलचा मनोरा, इंग्रजी शाळा, नाहीतर वीटभट्टी. घरातील वडीलधारी मंडळी हे ऐकून अस्वस्थ होतात. त्यांची अस्वस्थता खरी असते, परंतु तिचे कारण विचारले तर ‘वाडवडिलांची जमीन आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही. मुलाला ते उत्तर पटत नाही, आणि न पटण्यात त्याचेही चुकत नाही.

वडिलोपार्जित शेतावर शेतीखेरीज अन्य व्यवसाय सुरू करण्यात नैतिक प्रश्न आहे काय? असल्यास तो नेमका कोठे आहे? महसूल खात्यात आम्ही बरीच वर्षे काढली. वाटणीची आणि जमिनीच्या वापरबदलाची प्रकरणे पाहता पाहता या प्रश्नाचा विचार मनात साठत गेला. अलीकडे तो आमच्या घरातही आला. म्हणून हे टिपण.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. शेती म्हणजे पवित्र आणि व्यवसाय म्हणजे भ्रष्टता, अशी विभागणी करून हा प्रश्न सुटत नाही. आपल्या पूर्वजांपैकी बहुतेकजण नांगर घेऊन माळव्यात आले नाहीत. होळकर, शिंदे, पवार यांच्या फौजांबरोबर किंवा दप्तरांबरोबर ते आले. कोणी शिलेदार म्हणून, कोणी फडणीस वा कमाविसदार म्हणून. जमीन मिळाली ती चाकरीच्या मोबदल्यात, इनाम किंवा जहागीर म्हणून. कसणारे हात बहुधा दुसऱ्यांचेच होते. मध्य भारतात १९५१ च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या, पुढे मध्य प्रदेशात १९६० च्या कायद्याने कमाल जमीनधारणेवर मर्यादा आली, आणि जे उरले किंवा नंतर विकत घेतले त्यालाच आज आपण ‘वडिलोपार्जित’ म्हणतो. तेव्हा आपल्या घराण्याचा शेतीशी असलेला संबंध नेहमीच थोडा दुरून होता, हे प्रामाणिकपणे मानले पाहिजे.

शिवाय माळव्याची काळी जमीन केवळ घरच्या कणगीसाठी पिकली असेही नाही. एकोणिसाव्या शतकात या जमिनीतील अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. कापूस गिरण्यांना जाई. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या कारकिर्दीत इंदुरातच कापडगिरणी निघाली. १९७० नंतर सोयाबीन आले आणि पाहता पाहता माळव्याचे खरीप त्याने व्यापले. त्यातील फार थोडे आपल्या ताटात येते. म्हणजे शेतातून बाजार पाहण्याची सवय या भूमीला जुनी आहे.

आणि आकडे काय सांगतात? १९७०-७१ मध्ये भारतात सरासरी जमीनधारणा २.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.०८ हेक्टरवर आली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीनुसार, २०१८-१९ या कृषिवर्षात देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकांपासून ३,७९८ रुपये आणि मजुरीपासून ४,०६३ रुपये. शेतकरी म्हणून गणल्या गेलेल्या कुटुंबाला पिकापेक्षा मजुरी अधिक देते, ही आजची वस्तुस्थिती आहे. अशा स्थितीत शेतावर राहणाऱ्या तरुणाने जोडउत्पन्नाचा मार्ग शोधला तर त्याला कुलद्रोही म्हणण्याचा अधिकार शहरात निवृत्तिवेतन घेणाऱ्या आम्हांला तरी नाही.

मग प्रश्न उरतो कोठे? आमच्या मते तो जमिनीच्या मालकीच्या स्वरूपात आहे.

पूर्वमीमांसेत एक मार्मिक चर्चा आहे. विश्वजित् यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते. तेव्हा शंका निघते की, यजमान राजा असेल तर त्याने पृथ्वीही दान करावी काय? जैमिनी आणि त्यांचे भाष्यकार शबरस्वामी यांचे उत्तर नकारार्थी आहे. सर्वस्व म्हणजे जे आपले आहे ते सर्व. भूमी तर सर्वांना सारखीच आहे, ती एकट्याची नव्हे, म्हणून देताही येत नाही. अर्थात राजाच्या पृथ्वीला लावलेला न्याय आमच्या बावीस बिघ्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. खसऱ्यात आमची नावे आहेत आणि कायदा आम्हांला भूमिस्वामी म्हणतो. तरी त्यातील विचार शेतालाही शिवतो. ‘माझे’ या शब्दाचा अर्थ घड्याळाच्या बाबतीत एक आणि जमिनीच्या बाबतीत दुसरा आहे. घड्याळ आपल्याबरोबर सुरू होते आणि आपल्याबरोबर संपू शकते. जमीन आपल्याआधी होती आणि नंतरही राहणार.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी हा भेद कुटुंबाच्या पातळीवर आणला. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हा तिचा मुख्य सिद्धांत. बंगालच्या जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’त पित्याच्या मृत्यूनंतरच मुलाला हक्क मिळतो, आपल्याकडे तो पाळण्यातच मिळतो. स्थावर मिळकतीची विक्री, गहाण किंवा दान एकट्याने करावयाचे तर मिताक्षरेने तीन प्रसंग सांगितले आहेत : आपत्ती, कुटुंबाचे भरणपोषण आणि अवश्य धर्मकार्य. अधिक श्रीमंत होण्याची इच्छा या तिहींत नाही. ती इच्छा वाईट म्हणून नव्हे. परंतु तिच्यासाठी इतरांच्या हक्काची वस्तू एकट्याने पणाला लावू नये म्हणून.

‘नवा व्यवसाय’ हा तर थेट न्यायालयापुढेही आलेला विषय आहे. एकत्र कुटुंबाचा व्यापार पूर्वजांपासून चालत आलेला असेल, तर त्याचे कर्ज कुटुंबाच्या मिळकतीवर पडू शकते. परंतु कर्त्याने किंवा काही सज्ञान सभासदांनी नव्याने सुरू केलेल्या व्यापाराची जोखीम अज्ञान सभासदाच्या हिश्श्यावर लादता येणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२२ मध्ये एका बंगाली कुटुंबाच्या प्रकरणात म्हटले. १९३२ मध्ये हेच तत्त्व मिताक्षरा कुटुंबालाही लावले गेले. नोकरीच्या सुरुवातीस हे निवाडे आम्ही केवळ कायदा म्हणून वाचले. आज ते वाचताना त्यांतील नीती अधिक जाणवते. व्यापाराची जोखीम घेणे वाईट नाही. जो ‘हो’ म्हणू शकत नाही त्याच्या वतीने ती घेणे वाईट.

हे तत्त्व उचलून आता आमच्या घरात येऊ. थोरल्या बंधूंचा मुलगा गावी राहून शेती पाहतो. त्याचा धाकटा भाऊ अकाली गेला; त्याची मुलगी नववीत शिकते आणि आईबरोबर इंदूरला राहते. आमची बहीण बडोद्यास असते. देवासच्या बाजूला गावाजवळ बावीस बिघे जमीन, सर्वांची सामाईक. पुतण्याने योजना मांडली ती अशी : रस्त्यालगतचे पाच बिघे, म्हणजे शेतातील उत्तम काळी जमीन, घेऊन मॅरेज गार्डन काढावयाचे, त्यासाठी बँकेचे कर्ज, आणि कर्जाला तारण सबंध बावीस बिघे. कागद तयार करून त्याने सर्वांकडे सहीसाठी पाठविले.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा २००५ मध्ये दुरुस्त झाला आणि मुलगी जन्मतः सहदायक ठरली. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायद्याचा हा प्रवास मोठा आहे. घराचा प्रवास त्या वेगाने झालेला नाही. आपल्या घरांतून आजही बहिणीकडे कागद जातो तो सहीची जागा पेन्सिलीने खूण करून. आमच्या बहिणीने पुतण्याला फोन केला आणि एवढेच म्हणाली, ‘‘अरे, सही कुठं करायची ते तू कळवलंस, कशासाठी करायची ते कळवायचं राहिलं.’’

या एका वाक्यात संमतीची सबंध मीमांसा आहे. सही म्हणजे संमती नव्हे. संमतीला तीन गोष्टी लागतात : काय होणार आहे ते कळणे, नुकसान झाल्यास आपले काय जाईल ते कळणे, आणि नाही म्हटल्यास नाते तुटणार नाही याची खात्री असणे. पहिल्या दोन गोष्टी कागदावर लिहिता येतात. तिसरी कोणत्याही तहसीलात मिळत नाही. ती घरातच द्यावी लागते. बहीण माहेर तुटेल या भीतीने सही करते तेव्हा तिने जमीन दिलेली असते, संमती दिलेली नसते. आणि नववीतील ती मुलगी? तिचे वडील असते तर ते बसून हिशेब विचारते. ते नाहीत म्हणून तो हिशेब इतर सर्वांनी विचारणे हे कर्तव्य होते. तिच्या वतीने कोणीतरी सही करील एवढ्यावर समाधान मानणे हे नव्हे.

परंतु खसऱ्यात ज्यांची नावे आहेत तेवढ्यांचीच गणना करून हा विचार पुरा होत नाही. आमच्या शेतावर एक बटाईदार कुटुंब आजोबांच्या काळापासून आहे. त्यांची तिसरी पिढी आज आमच्या पुतण्याबरोबर राबते. मध्य प्रदेशात २०१६ मध्ये भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा झाला, त्यात लेखी कराराची सोय आहे. परंतु आमच्याकडे, जसे पुष्कळ घरांत असते तसे, सर्व तोंडी चालत आले. पुतण्याने त्यांच्या मुलाला गार्डनमध्ये चौकीदारी देऊ केली होती, आणि ती त्याने सद्भावनेनेच देऊ केली. यावर तो वृद्ध बटाईदार म्हणाला, ‘‘बाबूजी, चौकीदारी तो लड़का कर लेगा, पर चौकीदार को जिस दिन कह दो, उस दिन जाना पड़ता है. बटाई में आधी फसल तो अपनी रहती है.’’

त्याला पगारापेक्षा स्थान महत्त्वाचे वाटत होते. बटाईत तो भागीदार होता. चौकीदारीत तो नोकर झाला असता. नव्या उद्योगाने गावात रोजगार निर्माण होतो असे आपण सहज म्हणतो, आणि ते खोटे नसते. परंतु त्या रोजगाराने जुने स्थान जाते काय, आणि ज्याचे जाते त्याला कोणी विचारले काय, हा हिशेब बहुधा राहून जातो. कायद्याने त्याचा हक्क किती, हा प्रश्न वेगळा. ज्याच्या श्रमामुळे आपण चार पिढ्या स्वतःला शेतकरी म्हणवू शकलो, त्याचे ऋण हक्काच्या मापाने मोजण्यासारखे नाही.

आता जमिनीकडे वळू. तिचे कोणी वकीलपत्र घेत नाही, म्हणून ते येथे थोडे घ्यावेसे वाटते. इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’चे संचालक होते. शेतातील काडीकचरा आणि शेण यांपासून खत बनविण्याची त्यांची पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. १९३१ साली या विषयावर जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या मराठी सहकाऱ्याचे नाव आहे. आपल्या गावाच्या नावाने जगाला गेलेला विचार साधा आहे : जमिनीतून घेतले ते जमिनीला परत द्यावे. व्यवसायाची नैतिक परीक्षाही या विचाराने करता येते. उद्योग बंद पडला तर पुढच्या पिढीला त्या जागी पुन्हा नांगर घालता येईल काय?

या कसोटीवर सर्व व्यवसाय सारखे ठरत नाहीत. मधमाशांच्या पेट्या, रोपवाटिका, जुन्या वाड्यात पाहुण्यांची सोय, महाराष्ट्राने २०२० मध्ये ज्यासाठी स्वतंत्र धोरण आखले ते कृषिपर्यटन, यांत जमीन बहुतांशी जमीनच राहते. लोखंडी सांगाड्यावर उभी केलेली शेड उद्या उतरविता येते. २०१९ च्या कुसुम योजनेत पडीक जमिनीवर सौरऊर्जेचे छोटे प्रकल्प बसविण्याची सोय झाली. त्यातही जागा योग्य निवडली तर सुपीक जमीन शाबूत राहते. सिमेंट-काँक्रीटचे अंगण घातले की परतीचा रस्ता कठीण होतो. आणि वीटभट्टी तर वरचा सुपीक थरच खणून भाजते. जो थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागली तो दोन-चार हंगामांत भिंतींत जातो. वीटभट्टीवाला जेव्हा मातीचे पैसे रोख देतो, तेव्हा ते उत्पन्न नसते. ती भांडवलाची विक्री असते, आणि तीही पुढील पिढ्यांच्या भांडवलाची.

बांधापलीकडच्यांचाही विचार हवा. कूपनलिकेतून ढाबा किती पाणी उपसणार, सांडपाणी कोणाच्या नाल्यात जाणार, रात्री डीजे किती वाजेपर्यंत वाजणार? ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. परंतु शेजारचा शेतकरी कलेक्टर कचेरीत तक्रार घेऊन जाईल तेव्हा पाळायचा तो नियम, आणि तो जाणार नाही हे ठाऊक असूनही पाळायचा तो शेजारधर्म.

येथे आमच्या जुन्या खात्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेतजमिनीचा वापर बदलणे याला बडोद्याकडे ‘एन.ए.’, गोव्यात ‘कन्व्हर्जन’, महाराष्ट्रात ‘बिनशेती’ आणि आमच्याकडे ‘डायवर्शन’ म्हणतात. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या कलम १७२ प्रमाणे त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याची परवानगी लागे. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम गेले. आता भूमिस्वामी स्वतःच आकारणी करून रक्कम भरतो आणि अधिकाऱ्याला कळवितो. जुन्या व्यवस्थेत विलंब होता, खेटे होते, आणि इतरही जे होते ते वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे हा बदल योग्यच झाला. परंतु त्याचा एक परिणाम ध्यानात घ्यावा. पूर्वी निदान एक तिऱ्हाईत माणूस विचारीत असे की, सहहिस्सेदारांचे काय, वाटेचे काय, नाल्याचे काय. आता फाईल हलविणारा गेला, त्याबरोबर प्रश्न विचारणाराही मागे सरला. म्हणजे प्रश्न मिटले असे नव्हे; ते कचेरीतून उठून घराच्या ओसरीवर येऊन बसले आहेत.

येथपर्यंतचे विवेचन वाचून एखादा तरुण म्हणेल, ‘‘तुम्ही सर्व अडचणीच सांगितल्या. अशाने कोणी काही सुरूच करणार नाही.’’ हा आक्षेप वजनदार आहे. आमच्या पुतण्याने तो आमच्या तोंडावर घेतला. रब्बीच्या दिवसांत आमच्याकडे शेताला वीज पुष्कळदा रात्री मिळते, आणि कडाक्याच्या थंडीत गव्हाला पाणी देण्यासाठी रात्री दोन वाजता बांधावर उभे राहावे लागते. तो म्हणाला, ‘‘काका, शेत तुम्हां सर्वांचं आहे, रात्रीचं पाणी मात्र माझं एकट्याचं आहे.’’

हे ऐकल्यावर बैठकीत कोणी लगेच बोलले नाही, आणि बोलण्यासारखे फारसे नव्हतेही. परंपरेचे प्रेम आपल्याला स्वस्तात पडते, कारण त्याची किंमत गावी राहिलेला एक माणूस भरीत असतो. दिवाळीनंतर दोन दिवस शेतावर जाऊन फोटो काढणाऱ्यांना ‘जमीन जशीच्या तशी राहिली पाहिजे’ असे म्हणणे सोपे असते. काहीच न करणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची जोखीमही कोणावर तरी लादलेलीच असते. व्यवसायासाठी इतरांची संमती आवश्यक असेल, तर पुतण्याने आयुष्यभर आपल्या सर्वांच्या वतीने शेतात राबावे यासाठी त्याची संमती कोणी घेतली होती? वडील वारले, धाकटा भाऊ गेला, आणि तो तेथेच राहिला, इतकेच. तेव्हा दूर राहणाऱ्या हिस्सेदाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, परंतु कारण न देता अडवून धरण्याचा नाही. जो नाही म्हणतो त्याने पर्यायही सांगावा, आणि पर्यायाचा खर्चही वाटून घ्यावा.

आमच्या घरी चार-पाच बैठका झाल्या. दोन वेळा आवाज चढले. अखेर ठरले ते असे. प्रथम रीतसर वाटणी करावयाची, म्हणजे कर्ज पुतण्याच्या हिश्श्यावर राहील आणि त्या मुलीच्या व बहिणीच्या हिश्श्याला त्याची झळ लागणार नाही. गार्डन रस्त्यालगतच्या काळ्या जमिनीत न काढता मागील बाजूच्या तीन बिघे मुरमाड जमिनीत काढावयाचे. तेथे पीक यथातथाच येते. ती जमीन आणि तिच्यापर्यंतची वाट पुतण्याच्याच हिश्श्यात धरावयाची. पक्के बांधकाम कमीत कमी. उरलेल्या शेतीसाठी बटाईदाराशी लेखी करार. आणि पुतण्याने इतक्या वर्षांत विहिरीला, पाइपलाइनीला जो पैसा व जीव घातला, त्यापोटी वाटणीत त्याला अर्धा बिघा अधिक. ही शेवटची सूचना बहिणीची.

यात सर्वजण संतुष्ट झाले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे रस्त्यावरून न दिसणाऱ्या गार्डनला गिऱ्हाईक कमी येते, आणि त्यात तथ्य आहे. त्याचे उत्पन्न त्याच्या पहिल्या योजनेपेक्षा कमी राहणार. वाटणी झाली म्हणून आमच्या मनातही एक हळहळ आहे. तीन पिढ्या एका खात्यावर असलेली जमीन आता चार खात्यांवर गेली. एकत्र राहण्याची किंमत असते तशी न्याय्य होण्याचीही असते, आणि काही वेळा एकीसाठी न्याय सोडण्यापेक्षा न्यायासाठी खाते वेगळे करणे बरे. जे नाते एकाच खात्यावर नाव असण्यावर टिकून असेल, ते तसेही फार दिवस टिकत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. काहींच्या घरी तो आला असून केवळ कोणी बोलत नसेल. शेती ठेवावी की व्यवसाय काढावा, याचे एकच उत्तर आम्हांपाशी नाही, आणि कोणी देऊ लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु निर्णयापूर्वी कोणाकोणाला विचारावयाचे, याची यादी करता येते. तीत लांब राहणारी बहीण असावी, अजून सज्ञान न झालेले मूल असावे, ज्याचे नाव खसऱ्यात नाही तो बटाईदार असावा, बांधापलीकडचा शेजारी असावा, आणि रात्री दोन वाजता पाण्यावर उभा राहणारा तोही असावा. एवढ्यांना विचारून, त्यांचे उत्तर ऐकून जे सुरू होईल, ते गार्डन असो की गोदाम, पूर्वजांची मान खाली घालणारे ठरणार नाही. आणि एवढ्यांना न विचारता जी शेती चालू राहिली आहे, तीही केवळ शेती आहे म्हणून उत्तम ठरत नाही.